मुका प्रिंटर आणि हरवलेला दुभाष्या

संगणकाची कार्यप्रणाली नवी केली की कालपर्यंत छापणारा प्रिंटर कधीकधी मुका होतो. आपण दोष यंत्राला देतो. पण शाई, रूळ, कागद सारे जागच्या जागी असते. हरवलेला असतो तो संगणक आणि यंत्र यांमधला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर.

या मुकेपणाला इतिहास आहे. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेगासाठी प्रिंटर ड्रायव्हरला थेट कर्नलमध्ये, प्रणालीच्या गाभाऱ्यात, प्रवेश मिळाला. त्यामुळे ड्रायव्हरमधली एखादी चूक अख्खा संगणक बंद पाडू शके. विंडोज २००० ने त्याला गाभाऱ्याबाहेर राहण्याची सोय केली आणि २००७ साली सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाने आतले दार बंदच केले. निर्णय योग्यच होता. मात्र ज्यांचे ड्रायव्हर निर्मात्यांनी नव्याने लिहिले नाहीत, असे धडधाकट प्रिंटर अडगळीत गेले.

पोस्टस्क्रिप्ट जाणणाऱ्या प्रिंटरांचे मात्र बहुधा सर्वसाधारण ड्रायव्हरवरही निभावले. अॅडोबीने १९८४ साली आणलेल्या, पानाचे वर्णन करणाऱ्या या भाषेचे व्याकरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध होते. याउलट, पानाची सारी जुळणी संगणकाकडूनच करून घेणारी अनेक स्वस्त यंत्रे दुभाष्याबरोबरच संपली.

भाषेच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. व्याकरण खुले असेल, तर नवा दुभाष्या घडवता येतो. ते एकाच मालकाच्या कपाटात असेल, तर भाषेचे आयुष्य मालकाच्या मर्जीइतकेच. म्हणून प्रिंटर घेताना वेगाआधी त्याची भाषा विचारावी, असे आम्हांस वाटते.