बर्फावरची हॉकी गरीब वस्तीतल्या पोरांपर्यंत कशी पोहोचली?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद. अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि ती खिशाला परवडत नाही. स्केट्स, हेल्मेट, पॅड यांचा खर्च आहेच, वर रिंकचं भाडं तासावर मोजलं जातं. त्यामुळे शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली पोरं या खेळापासून लांबच राहिली.

वॉशिंग्टनमध्ये नील हेंडरसन यांनी १९७८ साली फोर्ट ड्युपाँट रिंकवर या पोरांसाठी ‘कॅनन्स’ संघ उभा केला. शिकवायला स्वयंसेवक, साहित्य बरंचसं देणगीतलं. आग्रह एकच, शाळेत मार्क चांगले हवेत.

स्केट्स काय, कुणाचे जुनेही चालतात. पण रिंकच नसेल तर? १९९६ मध्ये तीच वेळ आली. रिंक बंद होणार होता. तेव्हा लोकांनी ‘फ्रेंड्स ऑफ फोर्ट ड्युपाँट आइस अरिना’ ही संस्था काढून तो चालू ठेवला.

२०१९ मध्ये हेंडरसन यांना अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले ड्युआंटे अबरक्रॉम्बी २०२४ मध्ये टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या विद्यापीठाच्या हॉकी संघाचे कोच म्हणून नेमले गेले.