‘सौम्य’ आम्लाचा इतिहास

आम्लांचे तीव्र आणि सौम्य असे दोन प्रकार आपण वर्गात शिकवतो. या वर्गीकरणात हायड्रोफ्लुओरिक आम्ल ‘सौम्य’ ठरते. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना मोठा धाक वाटतो तो याच आम्लाचा. असे का?

१७७१ साली स्वीडनमध्ये कार्ल शेले यांनी फ्लुओरस्पार हे खनिज सल्फ्युरिक आम्लाबरोबर काचेच्या पात्रात तापवले, तेव्हा पात्राची काचच झिजली. या नव्या आम्लात एक अज्ञात मूलद्रव्य असावे, असे पुढे लक्षात आले आणि ते वेगळे करण्याची धडपड सुरू झाली. तिची किंमत मोठी होती. १८३० च्या दशकात आयर्लंडमधील नॉक्स बंधू विषबाधेने गंभीर आजारी पडले. बेल्जियमचे लुये १८५० मध्ये, तर फ्रान्सचे निकलेस १८६९ मध्ये या कामात प्राणास मुकले.

अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासां यांना यश आले. त्यांनी प्लॅटिनमची नळी घेतली, बुचे फ्लुओरस्पारचीच केली, आम्ल अतिशय थंड ठेवले आणि विद्युत अपघटनाने फ्लुओरीन मिळवला. १९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या आम्लाचे बरेचसे रेणू पाण्यात विघटित होत नाहीत, म्हणून ते सौम्य. पण असे विद्युतभाररहित रेणू त्वचेतून सहज आत शिरतात. आत सुटणारे फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. रक्तातील कॅल्शियम घटले, की हृदय बंद पडू शकते. द्रावण विरल असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, आणि तोवर माणूस गाफील राहतो.

म्हणून हे आम्ल पॉलिथीनच्या बाटलीत ठेवतात. ते हाताळताना योग्य हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल हवी, सोबतीला दुसरी व्यक्ती हवी. बाटली उघडण्यापूर्वीच कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ ठेवायचे. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचे, मलम चोळायचे आणि वेदना नसली तरी रुग्णालय गाठायचे.

शाळेच्या प्रयोगशाळेत या आम्लाचे काही काम नाही. मात्र गंजाचे डाग काढण्याच्या किंवा काचेवर नक्षी कोरण्याच्या काही द्रावणांत ते असते, आणि आपला विद्यार्थी उद्या तेथे काम करील. म्हणून ‘सौम्य’ हा शब्द फळ्यावर लिहिताना तो फक्त विघटनाचे प्रमाण सांगतो, एवढे आपण आवर्जून सांगू या.