वेणुग्रामचे दोन शिलालेख

निपाणी-संकेश्वरकडील देवस्थान मंडळींच्या बेळगाव-दर्शनाच्या सहलींचा क्रम आता बहुधा ठरून गेला आहे. पहाटे बस सुटावी, वाटेत काकती हे राणी चन्नम्मांचे जन्मगाव एवढे मार्गदर्शकाने सांगावे. मग कपिलेश्वर, मिलिटरी महादेव, किल्ला, आणि परतताना कुंद्याची खरेदी. देवदर्शनाविषयी आमचे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती किल्ल्यापुरती. कुंद्याच्या दुकानात मंडळी जेवढी रमतात, तेवढा अवधीही कमलबस्तीच्या वाट्यास येत नाही.

खंदक ओलांडून, प्रवेशापाशी असलेल्या दुर्गा व गणपती यांस नमस्कार करून आत गेले, की हे जैन मंदिर लागते. चालुक्य धाटणीचे गुळगुळीत खांब, मंडपाच्या छतातून खाली उमललेले प्रचंड पाषाणकमळ आणि गाभाऱ्यात नेमिनाथ. आम्ही गेलो त्या दिवशी मार्गदर्शकाने "रट्ट राजांच्या काळचे, सन १२०४" एवढे सांगून सर्वांना पुढे काढले. माहिती बरोबरच होती. पण हा सन कोणत्या आधारावर सांगितला जातो, असे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.

तो आधार म्हणजे येथील दोन शिलालेख. आणि ते आज किल्ल्यात नसून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८१८ च्या एप्रिलमध्ये, सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर, पेशवाईच्या ताब्यातील हा किल्ला मन्रोच्या फौजेने घेतला आणि पुढे येथे इंग्रजांची छावणी वसली. त्या राजवटीत हे पाषाण विलायतेस गेले. डॉ. बार्नेट यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या तेराव्या खंडात ते इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले, म्हणूनच आपणांस ते वाचावयास मिळतात.

लेखांचा काळ रक्ताक्षी संवत्सराचा पौष मास, म्हणजे १२०४ च्या डिसेंबरची अखेर. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा बंधू युवराज मल्लिकार्जुन हे तेव्हा वेणुग्रामाहून राज्य करीत होते. त्यांचा अधिकारी बीचण याने 'रट्टजिनालय' उभारले, आणि त्याच्या नित्य पूजेसाठी शुभचंद्र भट्टारकांच्या स्वाधीन दाने केली गेली. एका लेखात गावाचे दान आहे. दुसरा अधिक मनोरंजक आहे. त्यात जमिनींबरोबर पेठेतील व्यापाऱ्यांनी देवालयासाठी स्वतः ठरवून दिलेले कर आहेत, घोड्यांपासून विड्याच्या पानांपर्यंत. हे कर देणाऱ्यांत स्थानिक व्यापाऱ्यांखेरीज लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलयाळी व्यापारीही आहेत. ज्यांनी आपल्या देवस्थानचा जमाखर्च एकदा तरी लिहिला आहे, त्यांना ही नोंद वाचताना आठशे वर्षांचे अंतर जाणवणार नाही. वर्गणी, पावती, मानकरी, सारे काही तेथे आहे. वेगळी आहेत ती नाणी.

लेख कन्नड भाषेत आहेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सीमाभागात अशा गोष्टीचा उच्चार होताच कोणी सुखावतो, कोणी दुखावतो. आमच्या मते दोघेही लेख न वाचताच तसे करतात. १९४६ चे मराठी साहित्य संमेलन, ज्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते याच गावचे. आणि गुजराती व मलयाळी व्यापारी ज्या पेठेत कर भरीत, ती वेणुग्रामची पेठही याच गावची. गोव्याहून घाट चढून आलेली आमची कोंकणी कुटुंबे या रांगेत बरीच मागाहून आली, एवढेच.

रट्टांचे राज्य यानंतर फार टिकले नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच देवगिरीच्या यादवांनी ते घेतले. पुढे विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मराठे असे धनी बदलत गेले आणि तटबंदीही बदलली. कमळ मात्र जागेवर आहे.

मूळ पाषाण परत आणण्याचा प्रश्न सरकारांचा आहे, आणि तो केव्हा सुटेल हे आमच्या हाती नाही. पण दोन्ही लेखांचा सारांश मराठी, कोंकणी व कन्नड भाषांत एका कागदावर छापून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. सहलीच्या वर्गणीत एका कुंद्याच्या पुड्याइतकाही खर्च त्यास यावयाचा नाही. बस काकतीपाशी आली, की तो कागद वाटावा. आणि बस्तीत अर्धा तास थांबण्याचे मार्गदर्शकाशी आधीच ठरवून घ्यावे.