स्थलांतर आणि मजुरी : नव्या अभ्यासकांसाठी

दसरा झाला की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याच दिवसांत जालना शहरातल्या लोखंडाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार भट्टीपुढे राबत असतात. आणि पूर्णाकाठच्या केदारखेड्यात, आजूबाजूच्या शिवारांत, कापूस वेचायला माणूस मिळेना म्हणून शेतकरी किलोमागे दोन पैसे जास्त द्यायला तयार होतो. एकाच जिल्ह्यातून माणसे बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात बाहेरून येतात, आणि तरीही हात कमी पडतात. हे कोडे ज्यांना पडले असेल त्यांचे या अभ्यासक्षेत्रात मनापासून स्वागत आहे.

स्थलांतराचा विचार आपल्याकडे बहुधा दुष्काळापाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. पाऊस माणसाला गाव सोडायला लावतो, हे खरेच. पण गाव सोडल्यावर त्याच्या हातात किती मजुरी पडेल, हे बरेचसे नियमांवर, करारांवर आणि आगाऊ घेतलेल्या उचलीवर ठरते. वाचकांनी पहिल्यापासून एकच प्रश्न जवळ ठेवावा, अशी माझी विनंती आहे : या कामगाराला न पटलेले काम सोडता येते का?

ऊसतोडीचे उदाहरण घेऊ. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घेतली जाते आणि ती तोडीच्या मजुरीतून फिटते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला तर दोघांचे मिळून सातशे तीसच्या आसपास होतात. त्यात पहाटेची तोड आली, मोळ्या बांधणे आले, रात्री-अपरात्री गाडी आली की भरणेही आले. आजारपणाने खाडा पडला तर तोही अंगावर. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामात जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते. दुसरीकडे चांगला दर मिळत असला, तरी या जोडप्याला त्याचा उपयोग काय?

आता काम सोडता येते का, हाच प्रश्न अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी संगणक अभियंत्याला विचारून पाहा. एच-वन बी व्हिसाची आजची चौकट १९९० च्या कायद्यातून आली. वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार, अशी तिची मर्यादा आहे. त्या भागात, त्या कामाला चालू असलेल्या वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही, अशी अट आहे. पण अर्ज मालकाने करायचा असतो आणि नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो. अभियंत्याचे आणि ऊसतोड्याचे जगणे एका तराजूत तोलता येणार नाही. तरीही मालक बदलण्याची किंमत दोघांच्याही मजुरीत उतरते, आणि हे सूत्र हाती लागले की पुढचे वाचन तुम्हाला सोपे जाईल.

बाहेरचे आले की स्थानिकांची मजुरी पडते का, हा या क्षेत्रातला जुना वाद. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास लोक अमेरिकेत आले आणि मायामीतले कामगार एकदम सात टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या वेतनावर जवळजवळ परिणाम झाला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी वेगळ्या गटवारीने लावली आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांचे वेतन घसरल्याचे मांडले. वाचकांनी घाईने एकाची बाजू घेऊ नये. कोणाच्या मजुरीची तुलना कोणाशी केली, हे आधी पाहावे. जालन्याच्या भट्टीपुढच्या परप्रांतीय कामगाराबद्दल मत बनवतानाही हीच सवय उपयोगी पडेल.

या विषयात महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे, याचा मला अभिमान वाटतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला. गावात हक्काचे काम असेल तर मुकादमाला ‘नाही’ म्हणता येते. मजुरी वाढवण्याची ही वाट मला सर्वांत मोलाची वाटते.

कायदे वाचताना त्यांची हद्द नीट तपासा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. मंठ्याहून बेळगावला गेलेला कोयता त्यात बसू शकत होता, सांगलीला गेलेला नाही, काम तेच असूनही. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावला गेला. परदेशी जाणाऱ्यांसाठी १९८३ चा कायदा आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते ती त्यामुळेच.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर अगदी ताज्या घडामोडीपासून करा. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन अशा मुलामुलींसाठी जर्मन भाषेचे वर्ग सुरू झाले. भाषा शिकण्याचा खर्च कोण करणार, तिथे पोचल्यावर मालक बदलता येणार का, आणि मधल्या दलालाला काही द्यावे लागणार का, एवढे तीन प्रश्न घेऊन त्या कराराकडे जा.