फीडर आधी, चार्जर नंतर

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या ट्रॅक्शन सबस्टेशनांत गेली. त्यामुळे महामार्गावर फास्ट चार्जर दिसला की माझं लक्ष मोटारीपेक्षा तिच्या शेजारच्या कपाटाकडे जातं. आतले पंखे घोंघावत असतात, कारण तिथे एसीची डीसी होत असते.

ग्रिडमधून येते ती एसी आणि बॅटरीत साठते ती डीसी. मधलं रूपांतर कुठे करायचं, हा पेच विजेच्या मोटारींइतकाच जुना. अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या गाड्या चांगल्या खपत होत्या. हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा स्वतः तीच गाडी चालवत. घरी एसी असली, तर गॅरेजमध्ये पाऱ्याचा रेक्टिफायर बसवत. पीटर कूपर ह्युइटनं तो १९०२ मध्ये शोधला. काचेचा मोठा फुगा, त्याला फुटलेले हात, तळाशी पारा. चालू केला की पाऱ्यावर एक झगझगीत ठिपका सैरावैरा नाचतो आणि भिंती निळ्या-जांभळ्या होतात. गाडी रात्रभर लावून ठेवायची. शिशाच्या बॅटरीला घाई सोसत नसे.

रेल्वेपुढेही हाच पेच होता. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. रूपांतराची यंत्रं रुळांकडेच्या सबस्टेशनांत होती, गाडीवर त्यांचा बोजा नव्हता. पण व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त, आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट. म्हणून जाडजूड तांबं आणि जवळजवळ सबस्टेशनं. गाड्या वाढत गेल्या तशी ही व्यवस्था अपुरी पडली आणि २५,००० व्होल्ट एसी आणावी लागली. मध्य रेल्वेच्या लोकलमार्गांवर ते काम २०१६ मध्ये पुरं झालं. रूपांतराची यंत्रं मग गाडीतच गेली. लोकलमध्ये ती मावतात.

मोटारीत एवढं मोठं यंत्र मावत नाही. घरच्या प्लगसाठी लहान चार्जर तिच्या पोटात असतो, मोठा रस्त्याकडेला ठेवावा लागतो. जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये फास्ट चार्जिंगचं चाडेमो मानक आणलं, तेव्हाचे चार्जर साधारण ५० किलोवॅटचे. पुढे गणित आमच्या रेल्वेचंच. ४०० व्होल्टवर ५०० अँपिअर सोडले तर २०० किलोवॅट मिळतात. त्यापुढे जायचं तर व्होल्टेज चढवायला हवं. पोर्शेनं २०१९ च्या टायकानमध्ये ते ८०० वर नेलं. आता ३५० किलोवॅटचे चार्जर आलेत आणि त्यांची केबल तापू नये म्हणून तिच्यातून थंड द्रव खेळवतात.

असे सहा चार्जर एका जागी म्हणजे दोन मेगावॅटच्या वर मागणी. तिथे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि उच्चदाबाची लाइन, म्हणजे फीडर, लागतोच. पुणे आणि इगतपुरीकडे तारा नेताना तेव्हाच्या जीआयपी रेल्वेनं ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचं वीजघर उभारलं होतं. आधी विजेची सोय, मग गाड्या; मला तोच क्रम बरोबर वाटतो. म्हणून नव्या चार्जरांची घोषणा वाचली की मी त्यात आधी फीडर कुठून येणार ते शोधतो, आणि बहुतेक वेळा तेवढंच लिहिलेलं नसतं.