दादर, ठाणे आणि शेपट्यांचं झाड

घरच्या मंडळींना माझ्या कामातलं काही सांगायचं म्हणजे रेल्वेचा आधार घ्यावा लागतो. तर मुंबईहून सुटणाऱ्या तीन गाड्या घ्या. पुण्याची : दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, लोणावळा. नाशिकची : दादर, ठाणे, कल्याण, कसारा, इगतपुरी. कोकणातली : दादर, ठाणे, पनवेल. तिन्ही याद्यांत सलग येणारा सर्वांत लांब तुकडा कोणता? दादर-ठाणे. पहिल्या दोनच याद्या पाहिल्या तर त्यात कल्याणही येईल. अट एकच, मधलं स्टेशन गाळायचं नाही. एखादी गाडी ठाण्याला न थांबता थेट कल्याणला गेली की तुकडा तुटला.

पाच स्टेशनांचं काय, डोळ्यांनीच दिसतं. पण याद्या हजार-हजार नावांच्या असतील तर? पहिल्या यादीतली प्रत्येक जागा दुसरीतल्या प्रत्येक जागेशी ताडून पाहायची म्हटली तर दहा लाख जोड्या होतात. याद्या दहापट वाढल्या की काम शंभरपट वाढतं. प्रोग्रॅमरची सगळी डोकेदुखी या गुणाकारात आहे.

1970 साली डोनाल्ड क्नूथ यांनी या प्रश्नाबद्दल एक अंदाज बांधला होता. क्नूथ म्हणजे संगणकशास्त्रातलं केवढं मोठं नाव! त्यांना वाटलं, दोन याद्यांतला असा सर्वांत लांब तुकडा याद्यांच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेऊन शोधणं बहुधा अशक्य आहे. अंदाज उगाच केलेला नव्हता. 1972 मध्ये कार्प, मिलर आणि रोझेनबर्ग यांनी एक छान युक्ती काढली. आधी एकेका अक्षराला नंबर द्यायचे, मग दोन-दोनांच्या, चार-चारांच्या, आठ-आठांच्या तुकड्यांना. वेळ खूप वाचला, पण क्नूथ यांनी आखलेली रेघ काही ओलांडली गेली नाही.

ती ओलांडली पीटर वायनर यांनी, 1973 मध्ये. त्यांची कल्पना अशी : यादीतल्या प्रत्येक जागेपासून शेवटापर्यंतचा भाग म्हणजे एक शेपटी. या सगळ्या शेपट्या एकाच झाडावर चढवायच्या. ज्यांची सुरुवात सारखी त्या एकाच फांदीवरून जातात आणि वेगळ्या होतात तिथे फांदी फुटते. दोन्ही याद्यांच्या शेपट्या जिथपर्यंत सोबत जातात, त्यातली सर्वांत लांबची जागा म्हणजे आपलं उत्तर. याद्या दोनच्या जागी दहा असल्या तरी झाड एकच, फक्त प्रत्येक यादीला वेगळा रंग द्यायचा आणि दहाही रंग जिथे भेटतात ती सर्वांत लांबची जागा पाहायची. आणि खरी करामत पुढेच आहे : अक्षरांचा संच ठरलेला असेल तर हे झाड यादीच्या लांबीच्या प्रमाणातल्या वेळात उभं राहतं!

म्हणजे क्नूथ यांचा अंदाज तीन वर्षांत मोडला. आणि त्यांनी काय केलं? वायनर यांच्या शोधाला '1973 सालचा सर्वोत्तम अल्गोरिदम' म्हटलं. मला हा सगळा इतिहास आवडतो तो या एका वाक्यासाठी.

पण गोष्ट इथे संपत नाही. वायनर यांचा लेख वाचायला अवघड होता. 1976 मध्ये मॅक्क्राइट यांनी झाडाला लागणारी जागा कमी केली, आणि यादी डावीकडून उजवीकडे वाचत वाचत झाड वाढवण्याची सोपी रीत उक्कोनेन यांनी 1995 मध्ये मांडली. शक्य आहे हे कळायला तीन वर्षं लागली, पण वर्गात नीट शिकवता यावं इतकं सोपं व्हायला आणखी बावीस.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेलच. 1999 मध्ये 'ममर' नावाच्या प्रोग्रॅमने क्षयरोगाच्या जंतूच्या दोन वाणांचे पूर्ण जनुकीय आराखडे असंच झाड वापरून ताडून पाहिले. प्रत्येक आराखडा सुमारे 44 लाख अक्षरांचा. जोड्या लावत बसलं असतं तर 19 लाख कोटींहून जास्त झाल्या असत्या. आधी जुळणारे लांब तुकडे सापडले, म्हणून दोन वाण नेमके कुठे वेगळे आहेत तेही दिसलं.

तेव्हापासून कुणी "हे होणारच नाही" म्हटलं की मी मनात एक शब्दसमूह जोडून घेतो : "आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेने". बऱ्याचदा वाक्य तेवढंच खरं असतं. तुमच्या क्षेत्रात असा मोडलेला एखादा अंदाज असेल तर जरूर लिहा, वाचायला आवडेल.