बाउन्सरचा आयडी कोण बघतो?

आमच्या लोटे एमआयडीसीत गेटवर वॉचमन असतो, आणि कुठे डीजे नाइट असली की दारावर बाउन्सर. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो हाच: आपला आयडी तो बघतो, पण त्याचा कोणी बघितलाय?

याचं उत्तर इतिहासात आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला. त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा आला. रक्षकांची नोंदणी मंडळाकडे, पगारही मंडळामार्फत. म्हणजे रक्षक ठेकेदाराच्या मर्जीवर राहू नये.

मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पसारा’. नाव पसारा, पण काम शिस्त लावायचं! एजन्सीला लायसन्स हवं, रक्षकाची पार्श्वभूमी तपासायला हवी. २००६ च्या नमुना नियमांत ट्रेनिंग १६० तासांचं: १०० वर्गात, ६० प्रत्यक्ष.

गंमत म्हणजे कायद्यात ‘बाउन्सर’ असा वेगळा प्रकारच नाही. तोही सुरक्षा रक्षकच, आणि त्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. उद्या दारावर कोणाचं डोकं फुटलं, किंवा त्याचंच फुटलं, तर जबाबदार कोण, हे कागदच सांगणार. म्हणून हॉलवाल्या दोस्तांनो, आधी लायसन्स विचारा, दंड नंतर बघा.